विक्रीच्या घराला रंग कोणता द्यावा?

घर विकत घेतांना माणूस दहा जणांचा सल्ला घेतो. परंतु घर विकण्याची वेळ आली म्हणजे तो बहुधा दलालाच्या एका वाक्यावर भिस्त ठेवतो. "रंग काढून घ्या, भाव चांगला येईल," असें तें वाक्य असतें. कोणता रंग, कोणत्या भिंतीला आणि कशासाठीं, याचा खुलासा त्यांत नसतो. मग घरांतल्या मंडळींची सभा भरते. सूनबाईंना मोरपंखी हवा असतो, चिरंजीवांना राखी, आजोबांना चुन्याची सफेदी. आणि रंगारी आपल्या मागल्या कामांत उरलेल्या बदामी रंगाची शिफारस करतो. आजच्या भाषणांत या प्रश्नाचा थोड्या शास्त्रीय रीतीनें विचार करावयाचा आहे. नभोवाणीवरून रंग दाखवितां येत नाहींत ही अडचण खरी. परंतु रंगाची निवड डोळ्यांनीं करावयाची असली तरी तिच्यामागचीं कारणें कानांनींहि समजूं शकतात.

घर विकणारा मनुष्य बहुधा हौसेनें विकीत नाहीं. कोणाला मुलांजवळ जाऊन राहावयाचें असतें, कोणाला जिने चढवत नाहींत, कोणाला आजारपणाचा किंवा शिक्षणाचा खर्च भागवावयाचा असतो. अशा कुटुंबाची सारी पुंजी पुष्कळदां त्या एका घरांत अडकलेली असते. म्हणून रंगासारख्या वरवर किरकोळ दिसणाऱ्या गोष्टीवर पैसा खर्च करण्यापूर्वी त्यापासून काय मिळेल आणि काय मिळणार नाहीं, हें नीट ओळखलें पाहिजे.

काय मिळणार नाहीं तें प्रथम पाहूं. घराची किंमत मुख्यतः जागा, क्षेत्रफळ, मजला, इमारतीचें वय, पाण्याची सोय, वाहन ठेवण्याची जागा आणि कागदपत्रांची स्वच्छता यांवर ठरते. पुण्यांतल्या एकाद्या पेठेंतील तिसऱ्या मजल्यावरचा उद्वाहक नसलेला ब्लॉक कोणत्याहि रंगानें पहिल्या मजल्यावर येत नाहीं. परंतु या सर्व गोष्टी सारख्याच असलेले दोन ब्लॉक ग्राहकानें एकाच दिवशीं पाहिले, तर तो कशावरून निवड करील? भिंतीच्या रूपानें ग्राहक वस्तुतः घराचा इतिहास वाचीत असतो. दिव्याच्या बटणाभोंवतीं काळसर झालेला पट्टा, खुर्चीची पाठ घासून पडलेली रेघ, छताच्या कोपऱ्यांतील पिवळें वर्तुळ, हीं सारीं त्याला एकच प्रश्न सुचवितात: जें दिसतें त्याची निगा ठेवली नाहीं, तर जें दिसत नाहीं त्या नळांची आणि तारांची काय अवस्था असेल? शिवाय तो मनांतल्या मनांत दुरुस्तीचा आंकडा मांडतो. आणि अनोळखी घराच्या बाबतींत असा आंकडा खऱ्या खर्चापेक्षां नेहमी मोठाच असतो. ही मनांतली वजाबाकी थांबविणें हें विक्रीपूर्वीच्या रंगकामाचें खरें काम होय.

यापुढें जाऊन अमुक रंगानें इतके पैसे अधिक येतात, असे आंकडेहि प्रसिद्ध होत असतात. अमेरिकेंतील झिलो नांवाच्या घरविक्रीच्या पेढीनें 2017 सालीं विकलेल्या घरांचीं 32,000 हून अधिक छायाचित्रें तपासून असें जाहीर केलें कीं, फिकट निळसर न्हाणीघरें असलेलीं घरें अपेक्षेपेक्षां सुमारें 5,400 डॉलर अधिक किंमतीस गेलीं. पुढल्याच वर्षीं त्याच पेढीनें काळ्या किंवा कोळशासारख्या रंगाच्या प्रवेशद्वाराला अग्रमान देऊन त्याचा लाभ सुमारें 6,200 डॉलरांवर दाखविला. हे आंकडे वाचून आपल्याकडील एकादा उत्साही गृहस्थ दाराला काळा रंग लावावयास निघाला, तर त्याला थांबविलें पाहिजे. पहिलें कारण असें कीं, ज्या मालकानें न्हाणीघर नवीन फिकट निळ्या रंगानें रंगविलें, त्यानेंच बहुधा तेथील तोट्या, आरसे आणि फरशाहि बदलल्या असतील. तेव्हां अधिक आलेली किंमत रंगाची कीं त्या निगेची, हें छायाचित्रावरून पुरतें वेगळें काढतां येत नाहीं. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचें कारण ठरते असें नव्हे. दुसरें कारण आपल्या चालीरीतींचें आहे. ज्या दारावर आपण तोरण बांधतों, ज्याच्या उंबऱ्यावर हळदकुंकू वाहतों, त्या दाराचा काळा रंग आपल्याकडील बहुसंख्य घरांना अशुभ वाटतो. तेथें जो रंग ऐट समजला जातो, तो येथें ग्राहकाला उंबऱ्यावरूनच परत फिरवील. रंगाची आवड देशागणिक बदलते. परंतु प्रकाशाचे आणि दृष्टीचे नियम बदलत नाहींत. म्हणून आपण परक्या आंकड्यांऐवजीं या नियमांचा आधार घेऊं.

पहिला नियम असा कीं, भिंतीला स्वतःचा प्रकाश नसतो. खिडकींतून किंवा दिव्यांतून आलेल्या प्रकाशाचा कांहीं भाग ती शोषून घेते व उरलेला परत फेंकते. जें परत येतें त्यालाच आपण तिचा रंग म्हणतों. उत्तम पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकीं शेंकडा 80 ते 90 भाग परत पाठविते. गडद निळी किंवा डाळिंबी भिंत शेंकडा 10 देखील पाठवीत नाहीं. आतां हें लक्षांत घ्या कीं, खिडकीजवळची जागा सोडली तर खोलीच्या आंतल्या कोपऱ्यांत पोंचणारा प्रकाश बहुतेक भिंतींवरून, छतावरून उलटसुलट आपटतच येतो. शेंकडा 80 परत देणाऱ्या भिंतींवरून तीन वेळां आपटलेला प्रकाश शेंकडा 51 उरतो. शेंकडा 50 देणाऱ्या भिंतींवरून तितक्याच वेळां आपटलेला प्रकाश केवळ साडेबारा उरतो. म्हणजे भिंतीचा उजळपणा दीडपटीहून थोडा अधिक, आणि कोपऱ्यांतला प्रकाश चौपट! लांबट, एकाच बाजूला खिडकी असलेल्या खोल्यांत फिकट रंगानें जो चमत्कार झाल्यासारखा वाटतो, त्याचें रहस्य या साध्या गुणाकारांत आहे. उजळ खोली मोठी वाटते ती यामुळेंच. कोपरे अंधारांत बुडाले कीं डोळा खोलीची हद्द अलीकडेच आखतो.

हाच गुणाकार रंगाच्या गडदपणालाहि लागू पडतो. दुकानांतल्या छापील पुस्तकांतील बोटभर चौकोनावर जो पिस्ता रंग सौम्य दिसला, तोच चार भिंतींवर चढल्यावर पोपटी भासूं लागतो, आणि मालक रंगाऱ्याशीं भांडतो कीं, हा रंग मीं निवडलेला नव्हेच. रंगारी बिचारा निर्दोष असतो. एका पिस्ता भिंतीवरून निघालेला हिरवट प्रकाश समोरच्या पिस्ता भिंतीवर पडतो व आणखी हिरवा होऊन परत येतो. म्हणून व्यवहारांत एक नियम पाळावा: पुस्तकांत जो रंग आवडेल त्याच्या दोन पायऱ्या फिकट रंग भिंतीसाठीं घ्यावा.

दुसरा नियम शेजारधर्माचा आहे. फ्रान्समध्यें गोबलँ येथील सुप्रसिद्ध पडदे विणण्याच्या कारखान्यांत शेव्ह्रल नांवाचे रसायनशास्त्रज्ञ 1824 पासून रंगविभागाचे प्रमुख होते. तेथें तक्रार आली कीं, काळें सूत निस्तेज दिसतें. शेव्ह्रल यांनीं तपास केला तेव्हां रंग चांगलाच निघाला. दोष त्या सुताच्या शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या सुताचा होता. प्रत्येक रंग आपल्या शेजाऱ्याला स्वतःच्या विरुद्ध दिशेस ढकलतो, हें तत्त्व त्यांनीं 1839 सालीं आपल्या ग्रंथांत सविस्तर मांडलें. आपल्या घरांत याचा प्रत्यय पावलोपावलीं येतो. हिरवट कोटा फरशीशेजारी किंचित गुलाबी छटेची भिंत अधिकच गुलाबी भासते, कारण हिरवा रंग शेजाऱ्याला तांबूसपणाकडे ढकलतो. जुन्या सागवानी दारांचा नारिंगीकडे झुकणारा तपकिरी रंग शेजारच्या शुभ्र पांढऱ्या भिंतीला निळसर, दवाखान्यासारखी थंड करून टाकतो. दारें आणि फरशी विक्रीसाठीं कोणी बदलीत नाहीं. म्हणून भिंतीचा रंग त्यांच्याशीं ताडून घ्यावा. सागवानी दारें असतील तर सायीसारखा किंवा हस्तिदंती पांढरा घ्यावा. कोटा किंवा शहाबादी फरशी असेल तर गुलाबी झांक टाळून मोतिया किंवा अगदीं फिकट चंदनी घ्यावा. जुन्या रंगीबेरंगी मोझॅकच्या लाद्या असतील तर त्यांतलाच सर्वांत फिकट दाणा पाहून त्याच्या छटेची भिंत करावी. मग जमीन जुनाट न वाटतां जाणूनबुजून जुळविल्यासारखी वाटते.

येथें पांढऱ्या रंगाविषयीं थोडें बोललें पाहिजे, कारण "पांढरा द्या" असें सांगून पुष्कळ जण मोकळे होतात. पूर्वी चुन्याच्या सफेदींत नीळ मिसळीत असत. चुन्याची पिवळसर छटा निळीच्या छटेनें झांकली जाऊन भिंत अधिक शुभ्र भासे, जशी धुतलेल्या धोतराची शुभ्रता नीळ दिल्यानें वाढते. त्यामुळें आपल्या वडिलांच्या पिढीच्या डोळ्यांना निळसर पांढरा हाच खरा पांढरा वाटे. आज बाजारांत पांढऱ्याच्याच अनेक छटा मिळतात. कांहीं निळ्याकडे, कांहीं पिवळ्याकडे, कांहीं राखी रंगाकडे झुकणाऱ्या. एकट्या पाहिल्या तर त्या सर्व पांढऱ्याच वाटतात. पण एका शुभ्र कागदाशेजारी ठेवल्या कीं प्रत्येकीचा कल लगेच ओळखूं येतो. निवड करतांना हा कागद हातांत असावा.

तिसरा नियम दिशेचा. उत्तरेकडच्या खिडकींतून वर्षाचा बहुतेक काळ प्रत्यक्ष ऊन येत नाहीं. आकाशाचा निळसर, शांत प्रकाश येतो. पुण्यामुंबईच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेस असतो खरा, परंतु त्यांतले बरेच दिवस ढगांतच जातात. अशा खोलीला आकाशी किंवा राखी रंग दिला तर ती उदास दिसते. तिला लोण्यासारखा, गव्हाळ किंवा फिकट बदामी रंग द्यावा. पश्चिमेच्या खोलींत संध्याकाळीं तांबूस ऊन भरतें. तेथें पिवळा किंवा अबोली रंग दिला तर नोकरीवरून सुटून संध्याकाळीं घर पाहावयास आलेल्या ग्राहकाला ती खोली तापलेली भासते. अशा खोलीला फिकट राखी किंवा किंचित हिरवट पांढरा शोभतो. गल्लींत समोरची इमारत दहा फुटांवर असेल तर दिशेचा विचार बाजूस ठेवून त्या समोरच्या भिंतीचा रंग पाहावा. कारण आपल्या खोलींत सूर्याचा नव्हे, तिचाच प्रकाश येत असतो. ती विटकरी असेल तर आपली पांढरी भिंतहि दुपारीं विटकरी झांक घेईल.

चौथी गोष्ट दिव्यांची. एकाच भिंतीला दिवसा एक रूप व रात्रीं दुसरें असतें. दिव्याच्या प्रकाशाची छटा केल्व्हिन या परिमाणानें सांगतात आणि ती एलईडी दिव्याच्या खोक्यावर छापलेली असते. 2700 चा दिवा पिवळसर असतो, 6500 चा निळसर पांढरा. आपल्याकडे पुष्कळ घरांत एका खोलींत पिवळा आणि दुसरींत पांढरा, कधीं एकाच खोलींत दोन्ही, असा प्रकार असतो. मग रंग कितीहि विचारपूर्वक निवडला तरी भिंत ठिकठिकाणीं निराळी दिसते. घर दाखविण्यापूर्वी सर्व दिवे एका छटेचे करणें हा रंगकामापेक्षां पुष्कळ स्वस्त उपाय आहे. बैठकीच्या आणि निजण्याच्या खोल्यांना 3000 ते 4000 च्या दरम्यानचे दिवे मानवतात.

आज ग्राहक घर प्रथम पाहतो तें मोबाइलवरच्या छायाचित्रांत. गडद रंगाची भिंत आपली छटा जमिनीवर, पडद्यांवर आणि छतावर पसरविते. कॅमेरा ती दुरुस्त करूं जातो आणि छायाचित्रांतले सारेच रंग बिघडतात. फिकट भिंतींच्या खोलींत ही अडचण नसते. छायाचित्रें सकाळीं नऊ ते अकराच्या सुमारास, पडदे बाजूस सारून काढावीं.

आतां खोलीवार विचार करूं. बैठकीची खोली, व्हरांडा आणि मधली वाट यांना एकच फिकट रंग द्यावा. प्रत्येक खोलीला निराळा रंग दिला म्हणजे घराचे तुकडे पडतात. एकच रंग अखंड गेला म्हणजे नजर दारांतून थेट शेवटच्या खिडकीपर्यंत जाते. निजण्याच्या खोलींत त्याच रंगाची किंचित थंड छटा चालेल. स्वयंपाकघरांत स्वच्छता हीच शोभा. तेथें पांढऱ्याकडे झुकणारा, ओल्या फडक्यानें पुसतां येणारा रंग द्यावा, आणि फोडणीच्या धुरानें तेलकट झालेली भिंत आधीं सोड्याच्या पाण्यानें धुवावी, नाहीं तर नवीन रंग त्या तेलावर धरत नाहीं. देवघराचा कोनाडा स्वच्छ आणि साधा ठेवावा. घेणारा आपल्या देवांसाठीं त्याची मांडणी स्वतः करील. मुलांच्या खोलींतील चित्रविचित्र भिंती पुन्हां साध्या कराव्या, कारण घेणाऱ्याला तेथें कदाचित् आपल्या वृद्ध आईची खाट मांडावयाची असेल. छत सर्वत्र शुभ्र असावें. दारांना ग्राहकाच्या पसंतीचा अंदाज करीत नवे रंग देण्यापेक्षां जुनें सागवान घासून त्यावर पारदर्शक रोगण द्यावें. आज नव्या इमारतींत तसें लांकूड सहसा मिळत नाहीं आणि जाणत्या ग्राहकाला त्याचें मोल कळतें. कांहीं ग्राहक वास्तुशास्त्राप्रमाणें दिशेदिशेचे रंग पाहतात. त्यांच्याशीं वाद घालण्याचें प्रयोजन नाहीं. सौम्य, पांढऱ्याच्या जवळचा रंग कोणाच्याहि श्रद्धेला सहसा आडवा येत नाहीं, हाहि त्याचा एक गुण समजावा. इमारतीच्या बाहेरील भिंतींचा रंग मात्र गृहनिर्माण संस्थेच्या अखत्यारींतला असतो. तेथें एकट्यानें कुंचला उचलूं नये.

निवड पक्की करण्यापूर्वी परीक्षा घ्यावी. दोन फूट लांब व दोन फूट रुंद जाड पुठ्ठ्यावर निवडलेल्या रंगाचे दोन हात देऊन तो वाळूं द्यावा. मग तो पुठ्ठा एकदां खिडकीच्या भिंतीवर, एकदां समोरच्या भिंतीवर, एकदां फरशीजवळ आणि एकदां दाराजवळ लावून सकाळीं, दुपारीं आणि रात्रीं दिव्याखालीं पाहावा. सभोंवार जुन्या रंगाचा प्रभाव पडूं नये म्हणून पुठ्ठ्याच्या कडेनें पांढऱ्या कागदाची पट्टी लावावी. एवढ्या परीक्षेला दोन दिवस लागतात. चुकलेला रंग पुन्हां काढावयास याहून किती तरी अधिक लागतात.

रंग कितीहि चांगला निवडला तरी तो बसतो भिंतीवर, म्हणून भिंतीची तयारी महत्त्वाची. जुन्या चुन्याच्या थरांवर प्लॅस्टिक इमल्शन लावूं नये. चुना पूडीसारखा सुटतो आणि वरचा रंग त्याच्यासकट पापुद्र्यानें निघतो. असे थर खरवडून काढावे, भेगा बुजवाव्या, लांबी भरून पॉलिश पेपरनें घासावें, अस्तराचा एक हात द्यावा आणि मग रंगाचे दोन हात द्यावे. भिंत खडबडीत असेल तर बिनचकाकीचा रंग घ्यावा; चकाकणारा रंग तिरप्या प्रकाशांत प्रत्येक उंचवटा दाखवून देतो. नवीन गिलावा केला असेल तर तो पूर्ण वाळल्यावांचून आणि त्यांतला क्षार शमल्यावांचून रंगाची घाई करूं नये.

जुन्या घरांत खरवडतांना आणखी एक सावधगिरी हवी. पूर्वीच्या तेलरंगांत शिशाचें प्रमाण पुष्कळदां मोठें असे, आणि शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. अमेरिकेनें घरगुती रंगांतील शिशावर 1978 सालीं बंदी घातली. आपल्याकडे 2016 च्या नियमांनीं घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दर दहा लाख भागांत 90 भाग एवढी ठरविली व ती 2017 पासून अंमलांत आली. म्हणून जुनीं दारें-खिडक्या कोरड्या घासूं नयेत. पाणी मारून घासावीं, मुलांना आणि गरोदर स्त्रियांना त्या दिवसांत दूर ठेवावें आणि नंतर फरशी झाडण्याऐवजीं ओल्या फडक्यानें पुसावी.

आतां ज्या गोष्टीसाठीं मीं हा विषय मुख्यतः निवडला तिच्याकडे वळतों. रंगानें घर नीटनेटकें करणें वेगळें आणि रंगानें दोष झांकणें वेगळें. भिंतीला ओल असतां, "दोन हात मारा, दिवाळीपर्यंत कांहीं दिसणार नाहीं," असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. ओल ही रंगाची नव्हे, पाण्याची बाब आहे. वरच्या मजल्याचें न्हाणीघर, गच्ची, बाहेरच्या भिंतीची भेग किंवा तळमजल्यावर जोत्यांतून वर चढणारें पाणी, यांपैकीं कोठून तरी तें येतें, भिंतींतील क्षार विरघळवून आणतें आणि पृष्ठभागीं वाळतांना त्यांचे स्फटिक मागें ठेवतें. हे स्फटिक वाढले कीं रंगाला आंतून ढकलतात, आणि पोपडे धरतात. वरून कितीहि जाड रंग दिला तरी हें थांबत नाहीं. शंका असेल तेथें एक फूट चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनीं चिकटपट्टी लावून भिंतीवर एक दिवस ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला दंव धरलें तर पाणी भिंतींतून येतें आहे असें समजावें, आणि आधीं गवंडी वा नळकाम करणारा बोलवावा, मग रंगारी.

याबाबत कायदाहि स्पष्ट आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याच्या 55 व्या कलमाप्रमाणें, जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाहीं आणि साधारण दक्षतेनें पाहूनहि त्याला सांपडण्यासारखा नाहीं, तो सांगणें हें, उलट करार नसेल तर, विकणाऱ्याचें कर्तव्य आहे. आणि तो न सांगणें कपटाचें समजलें जातें. ताज्या रंगाखालीं लपविलेली ओल हा अगदीं असाच दोष होय. पण कायद्याचा धाक बाजूला ठेवला तरी दुसऱ्या पक्षाचा विचार करा. ज्याप्रमाणें आपली सारी पुंजी त्या घरांत आहे, त्याचप्रमाणें घेणारा आपली सारी पुंजी, आणि पुढल्या वीस वर्षांच्या पगाराचे हप्तेसुद्धां, त्याच घरांत घालणार आहे. गळती दुरुस्त करून, दुरुस्तीची पावती दाखवून, "येथें ओल होती, ती अमुक महिन्यांत काढली," असें सांगणारा मालक ग्राहकाचा विश्वास मिळवितो. जाणता ग्राहक श्रावणांत घर पाहावयास येतो तो उगीच नव्हे. त्या दिवसांत कोरडी राहिलेली भिंत दाखवितां आली तर तिच्यापुढें मोरपंखी आणि राखी हे दोन्ही फिके.

म्हणूनच वेळेचा क्रमहि असाच बसवावा. गळतीचें काम पावसाळ्यापूर्वीं करावें, एका पावसांत त्याची परीक्षा होऊं द्यावी आणि दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली म्हणजे रंग काढावा. हवेंत दमटपणा असतां दिलेला रंग नीट वाळत नाहीं. काम संपल्यावर निदान दोन आठवडे खिडक्या उघड्या ठेवून वास जाऊं द्यावा. ताज्या रंगाचा दर्प आला कीं ग्राहकाच्या मनांत पहिली शंका येते ती हीच कीं, येथें काय झांकलें असेल?

खर्चाचा अंदाज स्वतः करावा. दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि दहा फूट उंच खोलीच्या चार भिंतींचें क्षेत्रफळ 440 चौरस फूट होतें. त्यांतून सात फूट उंच व तीन फूट रुंद दाराचे 21 आणि चार फूट चौरस खिडकीचे 16 वजा करतां 403 उरतात. छताचे 120 वेगळे. असें प्रत्येक खोलीचें माप घेऊन दोघा-तिघा रंगाऱ्यांकडून लेखी दर मागवावे. त्यांत खरवडणें, लांबी, अस्तर आणि रंगाचे हात किती हें स्पष्ट लिहून घ्यावें. पैसा थोडा असेल तर प्रथम छत, मग प्रवेशद्वाराची आणि बैठकीची खोली, मग स्वयंपाकघर असा क्रम धरावा. निजण्याच्या खोलीची भिंत स्वच्छ असेल तर ती नुसती पुसून घेतली तरी भागतें. उंची रंग आणि शोभेचे नक्षीदार पोत यांवर पैसा घालूं नये. घेणारा वर्ष-दोन वर्षांत आपल्या आवडीप्रमाणें पुन्हां रंग काढणार आहे आणि तुमच्या नक्षीचे पैसे तो सहसा देत नाहीं.

एक गोष्ट मात्र कोणताहि दलाल सांगत नाहीं. पुष्कळ घरांत एकाद्या दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा असतात. शेजारी तारखा, कधीं आजोबांच्या हातचें अक्षर. रंगाऱ्याच्या पॉलिश पेपरला त्यांची ओळख नसते. काम सुरू होण्यापूर्वीं त्या रेघांवर पातळ कागद ठेवून त्या तारखांसह उतरवून घ्याव्या, किंवा छायाचित्र घ्यावें. घरांतील कोणी वृद्ध मनुष्य रंगकामाला विरोध करीत असेल, तर त्याचें कारण पुष्कळदां खर्च नसून असें कांहीं तरी असतें; तें एकदां विचारून घ्यावें.

श्रोतेहो, सांगितलेल्या गोष्टींतून आपल्या घरापुरत्या ज्या लागू असतील त्या टिपून ठेवा. आधीं पाणी पाहा, मग भिंत, मग प्रकाश, आणि शेवटीं रंग. हा क्रम पाळला तर रंग निवडण्याचें काम अर्ध्याहून अधिक सोपें होतें. आणि जो कोणी तें घर घेईल त्याला पहिल्या पावसांत आपली आठवण वाईट रीतीनें होणार नाहीं. माझी वेळ संपत आली आहे, तेव्हां येथेंच आपली रजा घेतों.